पाष्टे बाईंचा आदर्श पाठ

“बाई, तुमचा पाठ लागतोय हां आता. पुढं या, मागं काय लपताव?”

भागोजी गुरुजींनी पहिल्या रांगेतून हाक मारली तशी पाष्टे बाईंनी नुसती मान हलवली. त्या जागच्या उठल्या नाहीत. सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गुडघे आखडले होते आणि उठून पुन्हा बसायचं म्हणजे एकाची दोन कामं.

रत्नागिरीच्या त्या प्रशिक्षण केंद्रात साठ शिक्षक कोंबले होते. पडदे ओढलेले, पंखे कुरकुरत फिरत असलेले, आणि समोरच्या भिंतीवर पुण्याचे एक तज्ज्ञ सर. शिकवणारा पुण्यात, शिकणारे जिल्ह्याजिल्ह्यात, आणि मध्ये इंटरनेटची लाईन. ती लाईन सकाळपासून तीनदा गेली होती. ती गेली की सरांचं तोंड असेल तसं उघडं राहायचं आणि मंडळी चहाला उठायची.

तीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी प्रशिक्षणं काही कमी पाहिली नव्हती. आनंददायी झालं, कृतियुक्त झालं, मुलांच्या कलाने झालं. दर वेळी टाळ्या वाजवून नवं गाणं म्हणायचं, चार्टपेपरवर फुलं काढायची, हजेरीपटावर सही करायची आणि एस. टी. गाठायची. सोमवारी शाळेत गेलं की पुन्हा चार इयत्ता, एक खोली आणि आपण. आता हे ऑनलाइन. यात गाणं म्हणावं लागत नाही, एवढंच काय ते सुख.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आज पुण्याचे सर साऱ्या जिल्ह्यांना जो आदर्श पाठ दाखवणार होते, तो पाष्टे बाईंचा होता.

सकाळी हजेरीच्या टेबलापाशीच ऋजुता मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं होतं. ऋजुता या केंद्रातली तरुण प्रशिक्षक, पुण्याहून नेमणूक होऊन आलेली. बाईंचा पाठ कॅमेऱ्यात घेतला होता तो तिनेच. ती हळू आवाजात म्हणाली, “बाई, साधनव्यक्तीची जागा तुम्हालाच. शिक्षणाधिकारी साहेबांनी आजच्या कार्यक्रमावर ठेवलंय सगळं. सर पाठाबद्दल चांगलं बोलले की सोमवारी ऑर्डर.”

साधनव्यक्ती म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. शाळा नाही, वर्ग नाही, रत्नागिरीत बसायचं. बाईंना त्यातलं शेवटचं तेवढं हवं होतं. त्यांची शाळा संगमेश्वराच्या आत, डोंगरातल्या एका वाडीत. पहाटे साडेपाचला घराला कुलूप न लावता बाहेर पडायचं, दोन एस. टी. बदलायच्या, मग जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी पाऊण तास चढायची, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. एकोणीस वर्षं. अलीकडे कुलूप लावायचं नाही, कारण आत नवरा अंथरुणावर. मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गंगाराम गावी परतला आणि दोन वर्षांपूर्वी त्याची एक बाजू गेली. दुपारचं जेवण शेजारच्या यमुनाबाई भरवायच्या. परवा रात्री तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, “यमुनाबाय कटाळल्या गो आता. बोलत नायत, पन माला कलता.”

ते ऐकल्यापासून बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. घर रत्नागिरीला लागूनच होतं; ही जागा पदरात पडली तर दुपारी घरी जाऊन त्याला दोन घास आपल्या हाताने देता येतील, एवढंच डोक्यात होतं.

भिंतीवर पाठ सुरू झाला. वाडीतली शाळा, शेणाने सारवलेली जमीन, तिसरी-चौथीची अकरा मुलं गोल करून बसलेली आणि मधोमध चिंचोक्यांचा ढीग. बाईंना स्वतःचा आवाज परक्या बाईचा वाटला. जानेवारीत ऋजुता कॅमेरा खांद्याला लावून पाखाडी चढून आली होती, धापा टाकत, आणि आल्या आल्या म्हणाली होती, “तुम्ही हे रोज चढता?” त्या एका वाक्यावर बाईंना ती आवडली होती. म्हणून त्यांनी पाठही मन लावून घेतला. चिंचोके वाटून भागाकार दाखवला, मुलांना हसवलं, आणि शेवटी विचारलं, “पंधरा चिंचोके चौघांत सारखे वाटले, तर उरतील किती? हात वर!”

भिंतीवर अकरा हात वर गेले.

सभागृहात कुठूनतरी फिस्सकन हसू आलं आणि लगेच विरलं. साठ शिक्षकांपैकी ज्यांनी खेड्यात वर्षं काढली होती, त्या सगळ्यांना ते एका नजरेत दिसलं. सात हात उजवे होते, चार डावे.

ही रीत बाईंनी काढलेली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हेडगुरुजींनी ती शिकवली होती. साहेब तपासणीला आले की हात सगळ्यांनी वर करायचा. येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. बाईंनी उजव्यातल्याच एकेकाला उठवायचं. साहेब खूश, शाळेचा शेरा चांगला, आणि चारचौघांत कुणा लेकराची शोभा नाही. किती शाळांत हे चालायचं कोण जाणे. त्यावर कुणी बोलायचं नाही, एवढा एक नेम होता.

पण बाईंनी पुढे एक केलं, जे हेडगुरुजींनी शिकवलं नव्हतं. साहेब नसतानाही त्यांनी ती रीत चालू ठेवली. पाखाडी चढून येईस्तोवर अर्धा जीव गेलेला असायचा. त्यात पहिलीची मुळाक्षरं, दुसरीचे पाढे, खिचडीचा तांदूळ, कागदपत्रं. डावा हात वर आला की त्याचा अर्थ, बाई, आज मला सोडा. आणि बाई सोडायच्या. उद्या बघू म्हणून सोडायच्या.

कॅमेरा आला त्या दिवशी मुलांना वाटलं, साहेबच आले. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं. बाईंच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. पण ऋजुता टाळ्या वाजवून “बाई, एकही मूल मागे नाही!” असं म्हणाली, तेव्हा त्यांच्याच्याने तिचा उत्साह मोडवेना. एवढ्या मोठ्या पाठातला एवढासा तुकडा, कापला जाईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

तो कापला गेला नव्हता. पुण्याच्या सरांनी नेमकं तिथंच चित्र थांबवलं.

“अकरापैकी अकरा हात,” ते म्हणाले. “शंभर टक्के सहभाग. आणि ही मुलगी बघा.” एक पांढरा बाण भिंतीवर फिरला आणि एका चेहऱ्यापाशी थांबला. “सगळ्यात आधी हिचा हात वर गेलाय. काय आत्मविश्वास आहे.”

ती ज्ञानेश्वरी होती. दोन वेण्या, खांद्यावरून उसवलेला फ्रॉक, डावा हात ताठ वर आणि तोंडभर हसू. ती नेहमीच सगळ्यांत आधी हात वर करायची. तिला प्रश्न पुरा ऐकायचीही गरज नसे. पहिलीपासून चौथीपर्यंत तिने डावाच हात वर केला आणि चौथी पासही झाली, कारण चौथीपर्यंत नापास कुणाला करायचं नसतं.

जूनमध्ये ती पाचवीला खालच्या गावच्या शाळेत गेली नाही, हे बाईंना जुलैत कळलं. पाखाडीवर तिची आजी काशी भारा घेऊन उतरत होती. बाईंनी विचारलं तर ती भारा न उतरवताच बोलली.

“ती ममईला गेली, चुलत्याकडं. त्याचा प्वार सांबालाया.”

“अगो, पण शाळा?”

“पाचवीत बसून काय करनार व्हती? तिला कायव येत नाय.” आणि मग, काही राग नाही, नुसतं विचारायचं म्हणून, “तुमीच सांगा बाई. येत व्हता काय तिला?”

काशी भारा सावरत खाली निघून गेली होती.

आता तेच पुण्याचे सर विचारत होते. “पाष्टे मॅडम आहेत ना केंद्रावर? मॅडम, सगळे जिल्हे ऐकतायत. या मुलीला तुम्ही कसं तयार केलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

ऋजुताने माईक आणून बाईंच्या हातात दिला. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. तिने कॅमेऱ्यात घेतलेला हा पहिलाच पाठ होता. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बोलायचं काय ते ठरलेलं होतं. चिंचोके, गटकार्य, मुलांचा सहभाग, धन्यवाद. चार वाक्यं. त्यांनी भिंतीवरच्या त्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना ती चार वाक्यं बोलवेनात.

“सर, त्या मुलीने डावा हात वर केलाय,” बाई म्हणाल्या. “येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा, हे मीच शिकवलंय मुलांना. तिला भागाकार येत नव्हता. कधीच आला नाही. चार वर्षं ती रोज डावा हात वर करायची आणि मी रोज तिला सोडून द्यायचे. आता तिने शाळा सोडली. मुंबईला चुलत्याचं मूल सांभाळते. तुम्ही म्हणता तयार केलं, तर ती मी अशी तयार केली.”

भिंतीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सरांचा चेहरा गंभीर होऊन ऐकत होता. बाई वाट पाहत उभ्या राहिल्या. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. सर पापणीसुद्धा लववीनात.

ऋजुता यंत्रापाशी वाकली. “लाईन गेलीय,” ती म्हणाली. मग आणखी वाकून बघितलं. “सरांनी प्रश्न विचारला तेव्हाच गेलीय.”

जेवणाच्या सुट्टीत भागोजी गुरुजी ताट घेऊन बाईंच्या शेजारी येऊन बसले. दोघांची नोकरी एकाच तालुक्यातली, लागलेली एकाच वर्षी.

“देवान् वाचवल्यान तुमाला,” ते म्हणाले. “हितला कोन बाहेर बोलनार नाय. कोन बोलंल? आमच्या शाळेतपन त्येच चालता. गप ऱ्हावा नि सोमवारी ऑर्डर घ्या.”

“आणि ती पोर, गुरुजी?”

“ती गेली ती गेली. तुमी गप ऱ्हायलाव नायतर बोललाव, ती काय परत येनार हाय? घरी माणूस पडलाय तुमचा, त्याचा बघा.”

गुरुजींचं काही चुकत नव्हतं. बाईंनी आमटी-भात कालवला आणि तसाच ठेवला. यमुनाबाई या वेळी गंगारामला भरवत असतील, तोंडाने गप्प राहून.

जेवणानंतर ऋजुताने त्यांना संगणकाच्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं. लाईन परत आल्यावर सरांनी निरोप दिला होता, की बाईंनी आपलं मनोगत दोन ओळींत लिहून पाठवावं. ते पाठाच्या खाली कायमचं लागणार होतं, म्हणजे पुढे राज्यातला कुणीही शिक्षक तो पाठ उघडील तेव्हा त्याला ते वाचायला मिळेल.

“मी लिहून ठेवलंय तुमच्या नावाने,” ऋजुता खाली बघत म्हणाली. “वाचून घ्या. पसंत असेल तर पाठवते.”

बाईंनी वाचलं. कृतीतून शिकताना प्रत्येक मूल आत्मविश्वासाने पुढे येते, हे मी अनुभवले. अक्षरं सुरेख होती.

“हे पुसता येतं का?”

“येतं.”

“कसं, ते दाखवा.”

ऋजुताने एक बटण दाबून धरलं. ओळी शेवटाकडून पुसल्या गेल्या आणि चौकट मोकळी झाली. “बाई, तुम्ही ते लिहिलंत तर पाठ काढून टाकतील,” ती म्हणाली. “माझं सोडा. पण ती जागा तुम्हाला मिळणार नाही.”

“माहीत आहे मला.”

माहीत होतं, आणि भीतीही वाटत होती. सोमवारी पुन्हा पहाटे साडेपाच, पाखाडीवरचं शेवाळ, गंगारामचं भिंतीकडे वळलेलं तोंड. सगळं स्पष्ट दिसत होतं. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधायला सुरुवात केली. या पाठात चार मुलांचे. एक शब्द लागायला मिनिट जात होतं. डावे हात वर आहेत. शेजारच्या खोलीतून पुण्याच्या सरांचा आवाज पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. त्यातली पहिली मुलगी. इथे येऊन बाईंचं बोट थांबलं. त्या पुन्हा पुन्हा सगळ्या बटणांवरून नजर फिरवू लागल्या.

“मॅडम, ज्ञ कुठाय हो?”

“नुसतं ‘एक विद्यार्थिनी’ लिहिलं तरी चालतं, बाई. नाव नाही लागत.”

“लागतं,” बाई म्हणाल्या. “चार वर्षं हजेरीला रोज घेतलंय मी ते.”

ऋजुताने शेजारची खुर्ची ओढली, बाईंच्या बाजूला बसली आणि दोन बटणं एकदम दाबून दाखवली. समोर अक्षर उमटलं. बाईंनी ते नीट पाहून घेतलं आणि पुढचा काना शोधायला लागल्या.