पत्र्याआडची पेटी

भाऊसाहेबांना अक्कल नव्हती असं नाही. होती, पण ती सगळी धाकट्या भावाला पाण्यात पाहण्यात खर्ची पडली होती. दोघांची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, आणि बोलणं बंद.

आई भाऊसाहेबांकडे असे. दिवसा नवराबायको दोघंही आपल्या हार्डवेअरच्या दुकानात, म्हातारी घरात एकटी. म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात धोक्याचं बटण अडकवलं आणि भिंतीवर अलार्मची पेटी बसवून घेतली. बटण दाबलं की निरोप थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला कंट्रोल रूममध्ये, तिथून माणूस धावत घरी! येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी हे ऐकवून ऐकवून पिडलं.

थेट नाही, असं पेटी बसवणारा टेक्निशियन म्हणाला आणि तिथेच माशी शिंकली. या पेट्यांना तार नसते. एकीचा निरोप रेडिओवरून शेजारची पेटी झेलते, ती पुढचीला देते, आणि असा हातोहात तो कंट्रोल रूमला पोचतो. मधली एखादी बंद पडली तर निरोप दुसऱ्या पेटीकडून वाट काढतो. धाकट्याकडेही तसलीच पेटी होती.

"म्हणजे त्याची हमाली माझ्या पेटीनं करायची?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तेही तुमची करतात, टेक्निशियन म्हणाला. तुमच्या मागे उंच गोदाम आहे, तुम्हाला वाट आहे ती त्यांच्याकडूनच. भाऊसाहेबांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. टेक्निशियनची पाठ वळताच, धाकट्याचा निरोप आपल्या पेटीत शिरू नये म्हणून दुकानातला जाड पत्रा आणून त्यांनी तिच्याभोवती ठोकला आणि धाकट्याची कशी जिरवली म्हणून रात्री दोन घास जास्त जेवले. धाकट्याच्या पेटीने दुसरा शेजारी गाठला. तिचं काही अडलं नाही.

कंट्रोल रूममधल्या बाईचा फोन आला. तुमच्या पेटीची हजेरी लागत नाही, माणूस पाठवू का? हिरवा दिवा जळतोय की, असं म्हणून भाऊसाहेबांनी तिलाच झापलं. तो दिवा नुसता वीज असल्याचा होता, पण शहाण्याला कोण सांगणार? पुढचे फोन त्यांनी उचललेच नाहीत.

त्याच आठवड्यात आई बाथरूममध्ये पडली. भाऊसाहेब संध्याकाळी बायकोला दुकानात ठेवून घरी आले तेव्हा ती ओल्या फरशीवर गारठून पडली होती, अंगठा बटणावर. पाय मोडला होता. झरोक्यापलीकडे, धाकट्याच्या मोरीत, त्याची बायको दुपारभर धुणं धूत होती.

"आई, त्यांना हाक तरी मारायचीस!"

"तूच बजावलं होतंस ना, त्यांच्याशी बोलायचं नाही म्हणून," आई म्हणाली. "ती गुणगुणत होती, मला ऐकू येत होतं. मी आपली दाबत राहिले."

तिला उचलणं भाऊसाहेबांना एकट्याला जमेना. शेवटी झरोक्याला तोंड लावून त्यांनी धाकट्याला हाक मारली. पहिल्याच हाकेला तो अनवाणी धावत आला.