जेवलं की वाढायचं

श्रावणीने भाकरीचे फडके जीपच्या खिडकीबाहेर झटकले. कडक भाकरीचा उरलासुरला चुरा वाऱ्यावर उडाला आणि त्यातला थोडा मागच्या सीटवर तोंड उघडे टाकून झोपलेल्या शिवकुमारच्या केसांत येऊन बसला. तिने फडक्याची चौघडी केली आणि ते दप्तरात अगदी तळाशी ठेवून दिले.

"संपली?" पुढच्या सीटवरून दुर्गाबाईंनी मान न वळवता विचारले.

"व्हय बाई."

"मग आता दुपारी काय खाशील?"

"भूक न्हाय मला."

दुर्गाबाईंनी पाय लांब करून पाहिला. प्रवासाचा हा चौथा दिवस. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता आणि डिसेंबर असूनही सोलापूरचे ऊन काचेतून थेट मांडीवर येत होते. सकाळपासून भुईकोट किल्ला झाला, तलावातले सिद्धेश्वराचे देऊळ झाले. आता मुलांना बघायला काही नको होते. त्यांना जेवण हवे होते आणि नंतर घर.

निवृत्त झाल्यापासून दुर्गाबाई वैरागला स्वतःच्या घरात संध्याकाळची अभ्यासिका चालवत. त्यातल्या आठ मुलांनी मोठे शहर पाहिले नव्हते, म्हणून ही सहल. जीप मल्हारची. तो त्यांचाच जुना विद्यार्थी, भाडे म्हणून त्याने फक्त डिझेल घेतले होते. पैसे थोडे, तेव्हा बाईंनी काही रीती ठरवून टाकल्या. झोपायचे धर्मशाळेत. तिकीट महाग असेल तिथे चिठ्ठ्या टाकायच्या, दोघांनी आत जायचे आणि बाहेर येऊन बाकीच्यांना सगळे नीट सांगायचे. चारमिनारवर जायची चिठ्ठी शिवकुमारला लागली होती. तो खाली आला आणि म्हणाला, "वर काय बी न्हाय बाई. वरनं निस्ती गर्दी दिसती. खालनं मिनार तरी दिसतो."

आणि जेवायचे पंगतीत. जिथे अन्नछत्र, जिथे लंगर, जिथे प्रसाद, तिथे. त्याला मात्र एक अट होती. जेवलं की वाढायचं. एक पंगत जेवायची, दुसरी पंगत वाढायची. वाढू दिले नाही तर ताटे घासायची. बीदरच्या गुरुद्वारात मुलांनी शंभरेक ताटे घासली होती, कोपरापर्यंत भिजून हसत बाहेर आली होती.

हैदराबादेत तसे झाले नाही. तिथल्या अन्नछत्राच्या सभागृहात वाढायला पगारी माणसे होती. त्यांनी मुलांना बादलीला हात लावू दिला नाही, मागे रांग होती. दाराशी एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "देखो, पूरी टोली मुफत का खाते फिर रई." बाकीच्या मुलांना ते समजले नाही, किंवा समजूनही पोट भरलेले असल्याने लागले नाही. श्रावणीला समजले. तेव्हापासून कुठल्याही पंगतीत तिच्या पानावर वाढायला कोणी वाकले की ती हात आडवा धरायची. घरून आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर तिने दीड दिवस काढला होता.

श्रावणीची आई वैरागात लग्नाकार्याचा स्वयंपाक करायला जाते. रात्री येताना उरलेले अन्न स्टीलच्या डब्यात घेऊन येते. तो डबा वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होता. चार दिवसांच्या सहलीतून ही मुलगी हैदराबादच्या बाईचे ते एकच वाक्य घरी घेऊन जाणार, ही गोष्ट दुर्गाबाईंना गुडघ्यापेक्षा जास्त ठसठसत होती. आजची पंगत शेवटची. त्यानंतर सांगायला, समजवायला जागाच उरणार नव्हती.

"बाई, हितं बगा की," मल्हारने जीपचा वेग कमी केला. गल्लीच्या तोंडाशी एक जुना मठ होता. दारात आंब्याचा टाळा बांधलेला, आत सतरंज्यांच्या पट्ट्या अंथरलेल्या. बाहेरच्या फळ्यावर खडूने कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या. मल्हार कधीकाळी अक्कलकोटकडे वडापची जीप चालवायचा, त्यामुळे त्याला थोडी अक्षरे लागत. "खालच्या वळीत प्रसाद लिवलंय."

"आणि वरच्या?"

"वरची लांबडी हाय. प्रसाद हाय म्हणल्यावर वरची कशाला वाचायची?"

शिवकुमार जागा झाला होता. तो केसांतला चुरा काढून जिभेवर ठेवत म्हणाला, "मल्हारदादा, तू दहावीत दोनदा का बसला ते आज कळालं."

दारात पांढऱ्या सदऱ्यातला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला पन्नाशीचा माणूस अनवाणी उभा होता. जीपमधून एकेक मूल उतरताना त्याने पाहिले. तो दोन पायऱ्या खाली आला आणि त्याने हात जोडले.

"या. प्रसादाला या. बसा."

कोण, कुठले, काहीच त्याने विचारले नाही. मुले हातपाय धुऊन पट्टीवर बसली. मल्हार बसला. बाई भिंतीचा आधार घेत, एक पाय लांब करून बसल्या. श्रावणी उभीच राहिली.

"मी वाढते," ती म्हणाली.

"आधी जेवायचं, मग वाढायचं. नियम काय आहे आपला?"

"मला भूक न्हाय बाई. वाढते मी."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आतून एक बाई बादली घेऊन येत होती, तिच्या हातून श्रावणीने ती सहज घेतली. तिचे वाढणे पाहण्यासारखे होते. चटणी डावीकडे, वांग्याची भाजी उजवीकडे, भाकरी मोडून दोन तुकडे, आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, वाढताना ओगराळ्याला एक हलका झटका, की थेंब पानाबाहेर जायचा नाही. तूप घालताना ती प्रत्येकाला विचारत होती. लहानपणापासून आईच्या मागे मागे फिरून आलेला हात होता तो.

मुले जेवली. चार दिवसांत अशी जेवली नव्हती. शिवकुमारने तीनदा हुग्गी घेतली. मग ठरल्याप्रमाणे सगळी उठली, हात धुतले आणि वाढायला सज्ज झाली. तेवढ्यात शेजारपाजारच्या चार बायका आणि काठी टेकत एक म्हातारे आले. त्या पाच माणसांना वाढायला आठ मुले. शिवकुमार बादली घेऊन पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत गेला.

"हुग्गी, हुग्गी! गरम हुग्गी! लाजू नका मावशी, घरचंच कार्य हाय!"

मावशीने वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. दुर्गाबाईंनी ते पाहिले. असल्या हाकेला पंगतीत कोणीतरी हसते. इथे कोणी हसले नव्हते.

त्या उठल्या. दानपेटीत नेहमीप्रमाणे थोडेफार टाकावे आणि निघावे, म्हणून त्यांनी सभोवार नजर टाकली. मग दाराशी गेल्या. तो माणूस अजून तिथेच उभा होता, गल्लीकडे तोंड करून.

"दानपेटी कुठं आहे हो?"

"पेटी न्हाई बाई." तो वळला. "मठाचं न्हाई हे. आमच्या आईचं हाय. ती जाऊन आज अकरा दिवस झाले. शिवगणाराधना."

दुर्गाबाईंनी दाराची चौकट धरली. आतल्या अंगाला, खांबाच्या आड, चौरंगावर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, बेलाच्या पानांची माळ घातलेला. त्याच्यासमोर समई. जिथे मुले बसली होती तिथून तो दिसत नव्हता. आणि हे पोरगे तिथेच ओरडत फिरले होते.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं मठाचा प्रसाद. परगावची मुलं आहेत, सहलीची. तो मुलगा काय काय बोलून गेला..."

"मला कळलं हुतं की. गाडीतनं उतरला तवाच."

"मग सांगायचं नाही का?"

"दारात आलेल्याला कोण म्हणून कसं इचारायचं?" तो पुन्हा गल्लीकडे बघू लागला. "आन् खरं सांगू का, सकाळी दहापासनं उबा हाय मी. स्वामी येऊन गेले. शेजारची पाच-सात घरं आली. बास."

त्याचे नाव श्रीशैल. सराफ गल्लीत हिशेब लिहायला जायचा. त्याने सांगितले ते मोजकेच सांगितले. आई नागम्मा, मूळची दुधनीची. धाकटा भाऊ अजून गावातच. तो म्हणाला, आई गावची, कार्य गावातच व्हायचे. हा म्हणाला, आठ वर्षे आई माझ्याकडे, माझ्या हातावर गेली, इथेच व्हायचे. दोघेही हट्टाला पेटले. आज तिथेही पंगत आणि इथेही.

"पावणे सगळे तिकडं गेले," तो म्हणाला. "जायाचेच. गाव मोठं पडतं माणसाला."

 इतकी वर्षे बाईंनी मुलांना शिकवले होते की चूक झाली तर आधी ती कबूल करावी, मग सुधारावी. ही चूक सुधारायची कशी, ते कुठल्या इयत्तेत नव्हते. मुलांना गोळा करावे, शिवकुमारला नमस्कार करायला लावावा आणि निघावे, एवढेच त्यांना कळत होते. त्या वळल्या.

श्रावणी मागच्या दारातून येत होती. हातात रिकामी बादली. ती थेट बाईंजवळ आली आणि तिने आवाज खाली केला.

"बाई, हितं कोण आलंच न्हाय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. तिसऱ्या पंगतीला ओगराळं तळाला लागतं. हितं दांड्यापर्यंत बुडतंय. दोनशे माणसांची हुग्गी हाय ती, बाई. दोन पातेल्यांची झाकणं बी काढली न्हाईत."

बाईंनी मान हलवली. हळू आवाजात दोन वाक्यांत त्यांनी सांगितले: आई कुणाची, पंगत कशाची, माणसे कुठे गेली. श्रावणी ऐकत होती आणि बाईंच्या खांद्यावरून आत पाहत होती. जिच्या हातून तिने बादली घेतली होती ती बाई, श्रीशैलची बायको गुरम्मा, भिंतीशी बसून न वापरलेल्या पत्रावळी पुसून पुन्हा गठ्ठ्यात लावत होती. बांधलेले पाच-सहा गठ्ठे तिच्यामागे तसेच होते, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

"सगळे गाडीत बसा," बाई मुलांना म्हणाल्या. "शिवकुमार, तू इकडे ये आधी."

श्रावणी गाडीकडे गेली नाही. ती गुरम्मासमोर उकिडवी बसली.

"काकू, तुमी जेवला?"

"घरच्यांनी मागनं जेवायचं असतंय बाळ. समदी पंगत उठली की."

"अजून कोण यायचं हाय?"

गुरम्माने पत्रावळ पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"येतील की," ती म्हणाली.

"माजी आई बी असंच म्हणती," श्रावणी म्हणाली. "दोन वाजले, अडीच वाजले, येतील म्हणती. पातेल्यापाशी बसून राहती. तिला बी कोण वाढत न्हाय मग."

तिने गुरम्माच्या हातातली पत्रावळ घेतली. पट्टीवर नेऊन ठेवली, नीट, कडा सरळ करून. तिच्या शेजारी दुसरी ठेवली. थोडा विचार करून तिसरी. मग पहिल्या पानावर मांडी घालून बसली आणि दप्तर मागे सरकवले.

"काकू, मी राहिलीय जेवायची."

गुरम्माने पुसायचे फडके खाली ठेवले.

"आन् मी एकटी न्हाय जेवत. तुमी बी बसा. काका, तुमी बी."

दारातल्या श्रीशैलने एकदा गल्लीच्या टोकापर्यंत पाहिले. गल्लीत मल्हारची जीप होती आणि उन्हात झोपलेले एक कुत्रे. तो आत आला. गुरम्मा उठली, पदराने तोंड पुसले आणि श्रावणीशेजारच्या पानावर बसली. खांबाआडच्या फोटोपुढे शिवकुमार कपाळ टेकून होता. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

शेजारची पाच माणसे जेवून गेली होती, बाकीची मुले गाडीत बसली होती, वाढायला कोणी उरले नव्हते. दुर्गाबाईंना एकदम आठवले, चार दिवस मुलांना नियम सांगितला, पण जेवून उठल्यावर आपण स्वतः एकदाही वाढले नाही. गुडघा, गुडघा म्हणत बसूनच राहिलो. त्यांनी पदर खोचला. मागच्या दारी जाऊन एका पातेल्याचे झाकण काढले. हुग्गी अजून कोमट होती. वरची साय कोणी मोडलेली नव्हती. बादली भरून त्या पट्टीपर्यंत आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या.

आधी गुरम्माला वाढले. मग श्रीशैलला. मग त्या श्रावणीच्या पानाशी आल्या. वाकताना गुडघ्यातून कळ गेली, त्यांनी दात आवळले. एक ओगराळे वाढले. दुसरे वाढले. तिसरे भरून त्या पानावर धरून थांबल्या, हात आडवा येईल म्हणून.

श्रावणीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वाढा की बाई," ती म्हणाली.