तांडेलाचा शंख

दुपार कलली की मांडवीला तांडेलाच्या पुतळ्याभोवती माणसं जमायला लागायची. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीवरचा प्रमुख. हा तांडेल ओतीव धातूचा, आतून पोकळ, माणसाएवढाच. गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभा, खांद्यावर जाळं आणि ओठांशी भला मोठा शंख. रत्नागिरीला आलेला पाहुणा त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढल्याशिवाय परत जात नाही. इतकी वर्षं तो मुका होता. गेल्या पावसाळ्यानंतर तो वाजायला लागला.

खोल, घुमणारा आवाज. लांबवर एखादी आगबोट भोंगा देतेय असं वाटायचं. लोक चपला काढून उभे राहायचे. बघता बघता तिथे नारळ आले, हार आले आणि हारांच्या मागोमाग महिपतबुवा आले.

हे बुवा पूर्वी खेडच्या एसटी स्टँडबाहेर मोबाईलची कव्हरं विकायचे. धंदा बदलला, पण बोलणं तेच राहिलं. "हा पुतळा नाही माउली, हा टॉवर आहे," ते सांगायचे. "समुद्रावर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. श्वास चालू असेल तर शंखाला रेंज मिळते. श्वास संपला की नेटवर्क संपलं."

आणि ते दाखवूनही द्यायचे. गर्दीतल्या कुणालाही विचारायचे, तुमच्या माहितीतलं नुकतंच गेलेलं माणूस सांगा. नाव आलं की बुवा चौथऱ्यावर चढत, शंखाच्या पुढ्यात उभे राहत आणि अंगावरची जाड शाल दोन्ही हातांत धरून आभाळाकडे पसरत. शंख गप्प व्हायचा. मग एखाद्या जित्याजागत्या माणसाचं नाव. बुवा शाल खाली घेऊन वाकून नमस्कार करत. शंख घुमायचा. इतकी माणसं बघत होती, पण सगळ्यांचं लक्ष शंखाकडे. शालीकडे कोण बघणार? तिला तर लोक भक्ती समजत होते.

त्या गर्दीत विमला रोज असायची. तिचा नवरा संदेश एका बोटीवर खलाशी होता. वादळात बोट उलटली, काही जण पोहून आले, काहींची प्रेतं मिळाली. संदेशचं काहीच कळलं नाही. मग दक्षिणेकडच्या एका खाडीत एक प्रेत सापडलं, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. ते शवागारात ठेवलं होतं. पोलीस सांगून गेले की विमलाचं आणि तिच्या मुलीचं थोडं रक्त द्या, डीएनए जुळतो का पाहू. महिनाअखेरपर्यंत कुणी पुढे आलं नाही, तर बेवारस म्हणून पुरावं लागेल.

विमला बुवांकडे गेली. संदेशचं नाव घेतलं, शंख घुमला. बुवा म्हणाले, तो कुठल्या तरी किनाऱ्यावर आहे, परतीच्या वाटेवर आहे. मेलेल्याशी जुळवायला लेकीचं रक्त दिलंस तर कनेक्शन तुटेल.

तिने रक्त दिलं नाही.

मी तिचा शेजारी, निवृत्त शिक्षक. तिला समजवायला गेलो. ती भांडली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून बसली होती, डोळे कुठेतरी लांब. "गुरुजी, तुमी म्हणता तो नाय. शंख म्हणतो तो हाय," ती म्हणाली. "मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. मग मी हाय तेच धरलं." तिच्यापुढे शास्त्र सांगणं म्हणजे झोपलेल्याला वाचून दाखवण्यासारखं होतं.

तिची मुलगी दर्शना सहावीत. निवृत्तीनंतर माझ्या पडवीत संध्याकाळी मुलं अभ्यासाला येतात, त्यात तीही. तिने मला सरळ विचारलं की शंखाला कसं कळतं. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, तू एकदा सकाळी जाऊन ये आणि एकदा दुपारी, नुसतं बघ आणि मला सांग.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि दप्तर न उतरवताच उभी राहिली.

"सकाळी तो वाजत नाही, गुरुजी. मी बाबांचं नाव घेतलं, तरी नाही." मग म्हणाली, "बाबा काय फक्त दुपारीच जिवंत असतात?"

पडवीतली बाकीची मुलं वह्यांत माना घालून बसली. मग मी तिला भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवायला सांगितले. तिने घडाघडा म्हटले. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणता म्हणता ती थांबली. तांडेलाचं तोंड समुद्राकडे आहे. सकाळचा वारा त्याच्या पाठीला लागतो, दुपारचा शंखाला.

मी सरबताची रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि तोंडावरून आडवी फुंकर मारायला सांगितली. बाटली घुमली. तिने बाटलीसमोर वही आडवी धरली आणि दुसऱ्या मुलीला वहीपलीकडून फुंकायला सांगितलं. काहीच वाजलं नाही. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. "शाल," ती हळूच म्हणाली.

मग पुतळा आधी का वाजत नव्हता? तेही आम्ही जाऊन पाहिलं. शंखाचं तोंड बंद करणारी पत्र्याची चकती होती. खाऱ्या हवेने गंजून ती गळून पडली होती, कडेला तिचे लाल तुकडे अजून चिकटलेले होते.

दर्शनाला मी विचारलं, आईला सांगायचं का. निर्णय तिचा होता, मुलगी लहान असली तरी. ती बराच वेळ बाटलीच्या तोंडावर बोट फिरवत राहिली. "बाबा त्या खाडीतले असले, तर त्यांना बेवारस म्हणतील ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मग सांगू."

त्या दिवशी वारा चांगला होता. गर्दीही होती. विमला नेहमीच्या जागी कठड्याला टेकून बसलेली. मी पुढे होऊन हात जोडले आणि म्हटलं, बुवा, माझा मोठा भाऊ गुरुप्रसाद कुठे आहे ते बघा. बुवांनी माझे पांढरे केस पाहिले, चेहरा पाहिला आणि शाल खाली घेऊन वाकले. शंख घुमला.

"फुल रेंज आहे, गुरुजी. आखातात कुठेतरी आहे. वाट बघा, येईल."

"त्याला मी स्वतः अग्नी दिलाय," मी म्हटलं. "इथल्याच स्मशानात."

मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. बुवा गडबडले नाहीत. मी खोटं बोललो म्हणून शंख फसला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"फसतो का तो?" मागून एक मासळीवाली म्हणाली. "टॉवर असून?"

तेवढ्यात दर्शना माझी छत्री घेऊन चौथऱ्यावर चढली होती. बुवांनी हात आडवा घातला, पण त्याच मासळीवालीने त्यांना बाजूला केलं, लेकराला हात लावायचं काम नाही म्हणून. दर्शनाने शंखाच्या पुढ्यात छत्री उघडली. आवाज बंद. मिटली. आवाज सुरू. उघडली. बंद. मिटली. सुरू.

ती लोकांकडे वळली. "मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

मी वाऱ्याचं आणि बाटलीचं थोडक्यात सांगितलं. बुवांनी आणखी वाद घातला नाही. देवाची चेष्टा अंगाशी येईल असं काहीबाही पुटपुटत ते रिक्षेत बसले. लोकांनी त्यांना अडवलं नाही, मारलं नाही. काही जण माझ्यावरच नाराज होते. एक म्हातारी म्हणाली, कुणाचं काय बिघडत होतं? मी विमलाकडे बोट केलं नाही, पण म्हातारीने तिकडे पाहिलं. बुवा प्रत्येकाला जिवंतच का सांगायचे, हे तिला तेव्हा उमगलं असावं. मेला म्हटलं तर माणूस रडून घरी जातो. जिवंत म्हटलं की उद्या परत येतो.

विमला उठून चौथऱ्याजवळ आली. लेकीला म्हणाली, "परत उघड." दर्शनाने उघडली. "मिट." मिटली. "परत." असं किती वेळ चाललं कोण जाणे. गर्दी पांगली, दिवे लागले, आणि तिन्हीसांजेला वारा पडला तसा शंख आपला आपणच गप्प झाला. विमला तेव्हाही रडली नाही. "रक्त कुठल्या खोलीत घेतात?" तिने मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी रक्त दिलं. डीएनए जुळला. संदेशला त्याच्या नावाने, त्याच्या माणसांनी नेलं. घरी आल्यावर विमला दाराशी बसली आणि मग तिचा हुंदका आम्हाला चार घरं पलीकडे ऐकू आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

चकती नवी बसवायची का, अशी नगर परिषदेकडून विचारणा झाली. पडवीतल्या मुलांनी नको म्हटलं.

परवा मी दर्शना आणि विमलाबरोबर तिकडे गेलो होतो. पुतळ्यापाशी एक अनोळखी बाई हात जोडून उभी होती. मासूमा म्हणून, जयगडकडची. भाऊ आखाताच्या जहाजावर, बरेच दिवस फोन नाही. कुणाकडून तरी जुनी बातमी ऐकून आली होती. ती भावाचं नाव घ्यायला लागली तेवढ्यात विमला तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बाय, नाव घेऊ नको," विमला म्हणाली. "नुसती गप्प राहा आणि ऐक."

दोघी उभ्या राहिल्या. वारा आला, शंख घुमला.

"कुणाचं नाव घेतलंस?" विमलाने विचारलं.

"कुणाचं नाय."

"तरी वाजला. वारा कुणाला वळखत नाय गो. तुझ्या भावाचं ह्याला काय ठावं? कंपनीला फोन कर, पोलिसांत जा, ज्याला खरंच ठावं असेल त्याला विचार. चल, मी येते."