वर्मासाबची बिअर

मिलमध्ये नवे माग बसवायला चेकोस्लोव्हाकियातून जो मिस्त्री आला, त्याचं नाव होतं ओटाकर व्रबा. उज्जैनच्या जिभेला ते काही पेलेना. आठ दिवसांत त्याचा वर्माजी झाला आणि महिन्याभरात वर्मासाब. तोही त्या नावाला निमूट ओ देऊ लागला.

त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, आणि कामगारांना तेवढंही येत नव्हतं. म्हणून मॅनेजरनं सरकारी हायस्कुलातले सायन्सचे मास्तर प्रभाकर बिडवई यांना संध्याकाळी दोन तास दुभाष्या म्हणून बोलावलं. प्रभाकर एकोणतीस वर्षांचा, सडाफटिंग. थोरली विधवा बहीण अक्का हीच त्याचं घर सांभाळायची. छप्पन साल होतं ते. मध्यभारत हे राज्य जाणार, मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे सगळ्यांना कळलं होतं. कोणाची बदली कुठे होणार, ते मात्र कोणालाच कळत नव्हतं. मास्तरांच्या खोलीत रोज नवी अफवा यायची. कोणी म्हणे बस्तर, कोणी म्हणे बिलासपूर. प्रभाकरचा मोठा भाऊ विनायक पुण्याला होता. त्याचं दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं : ‘इकडच्या एका शाळेत जागा निघते आहे. आपल्या माणसांत ये. तिथे कशासाठी राहायचं?’ प्रभाकर पत्र वाचायचा, घडी घालायचा आणि चपला अडकवून बाहेर पडायचा. रामघाटापर्यंत जायचा, पण पायरीवर टेकायला मन होत नसे. तसाच परत फिरायचा.

वर्मासाबचीही तीच गत होती. दिवसभर मागांखाली घुसून काम करणारा हा धिप्पाड माणूस संध्याकाळ झाली की बंगल्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. त्याला बिअर हवी होती. साधी, चांगली बिअर. मॅनेजर प्रभाकरला म्हणाला, “मास्टरजी, साठ लूम हैं. बीच में भाग गया तो मेरी नौकरी गई. साहब को जो चाहिए, ला दो.”

ज्या माणसानं जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, त्याच्यावर हे काम आलं. प्रभाकर इंदूरला गेला, महूच्या छावणीत गेला, रतलामच्या स्टेशनावर जाऊन आला. ओल्या गोणपाटात बाटल्या गुंडाळून बसमधून आणायच्या. शेजारच्यानं विचारलं, तर “प्रयोगशाळेचं सामान आहे” म्हणायचं. वर्मासाब बाटली उघडायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात फिरवायचा आणि उरलेली मोरीत ओतून द्यायचा.

“मरी हुई है,” तो मिलमध्ये शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणायचा. “प्रभाकरजी, यह मर गई है.”

मग तो आपल्या गावाबद्दल सांगायचा. चर्चच्या मागच्या गल्लीत एकजण स्वतःच्या तळघरात बिअर करायचा. मोठा कारखाना नाही, चार पिंपांचा कारभार. संध्याकाळी मुलांना मातीचा जग देऊन पिटाळायचे. फेस मोडायच्या आत घरी पोचायचं, अशी पैज लागायची. सांगता सांगता तो मध्येच उठायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

पावसाळा सरता सरता त्याचं आणि कामगारांचं भांडण झालं. त्यानं पाना फेकून मारला. लागला कोणाला नाही, पण त्या दिवशी काम बंद पडलं. रात्री त्यानं ट्रंक भरायला घेतली. साठापैकी तेवीसच माग उभे होते. प्रभाकर समजूत घालायला गेला, तेव्हा वर्मासाब उघड्या ट्रंकेसमोर बसला होता.

“जौ मिलता है यहाँ?” त्यानं एकदम विचारलं.

“देवास गेट के बाज़ार में, जितना चाहिए. क्यों?”

“मेरा दादा बनाता था. मैंने देखा है.”

परवान्याशिवाय असलं काही करणं म्हणजे गुन्हा, हे प्रभाकरला ठाऊक होतं. तो सरकारी नोकर, त्यातून बदल्यांच्या याद्या व्हायच्या होत्या. तरी तो हो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित त्या ट्रंकेकडे पाहवेना म्हणून.

बिअरला आधी जव मोड आणून वाळवावे लागतात. ही कला उज्जैनमध्ये अक्काइतकी कोणाला येत होती? दर नवरात्रात तिनं घटापाशी रुजवलेले जवारे गल्लीत सगळ्यांत उंच. प्रभाकर तिला म्हणाला, “साहेब आजारी आहे ग. पोट बिघडलंय. डॉक्टरनं जवाचं सत्त्व सांगितलंय.”

“परदेशात बिचाऱ्याचं कोण करणार,” अक्का म्हणाली आणि दहा शेर जव भिजत घातले. पाच दिवस ओल्या फडक्याखाली मोड आणले, गच्चीवर वाळवले, मंद आचेवर शेकले आणि जात्यावर भरडून दिले. इतक्या मायेनं केलेलं ते पीठ उचलताना प्रभाकरला चोरट्यासारखं झालं.

ते पीठ वर्मासाबनं ऊन पाण्यात मुरवलं, गाळलं, उकळलं. डबलरोटीवाल्याकडून खमीर आणलं. पण ऑक्टोबरची उष्णता! चौथ्या दिवशी पिंपाला असा वास सुटला की बंगल्याचा खानसामा रमेश नाकाला पंचा लावून पळाला. सगळं आंबून गेलं होतं. ते बागेत ओतावं लागलं.

आणि रमेशच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. दोन दिवसांनी प्रभाकर शाळेतून आला, तर अक्का ओसरीवर बसून होती. चूल पेटली नव्हती.

“रमेश भेटला घाटावर,” ती म्हणाली. “म्हणाला, दीदी, आपका जौ तो बढिया था, साहब की शराब ही बिगड़ गई.”

प्रभाकर उभाच राहिला.

“तू का झूठ बोललास?”

“अक्का, तू सोवळ्यातली. दारूसाठी म्हटलं असतं तर...”

“नाही म्हटलं असतं. कदाचित. पण ते मी म्हणायचं होतं ना? तू परस्परच ठरवलंस.” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. “मी पाच रात्री उठून ते फडकं ओलं केलं. आजारी माणसासाठी म्हणून.”

प्रभाकर म्हणाला, “पण तो खरंच आजारी आहे, अक्का. बसवत नाही त्याला कुठे. जायला निघाला होता.”

मग अक्कानं कधी न काढलेली गोष्ट काढली. तिचं लग्न कोकणात झालं होतं. सहा वर्षं ती तिथे होती. “चांगली माणसं होती. पण भात, भात आणि भात. माझं मन आपल्या माळव्यातल्या बाफल्याला तरसायचं. एक दिवस कोणाला न सांगता कणीक मळली, नारळाची सोडणं पेटवली आणि त्यात बाफल्यांचे गोळे भाजले. वरून कडक, आत कच्चे. जाऊ हसली. म्हणाली, तिकडच्या लोकांचं काय ते! मीही हसले. मग गोठ्यात जाऊन ते कच्चेच खाल्ले. आपलीच माणसं होती रे ती. आपलीच भाषा. तरी.”

तिनं उठून चूल पेटवली. प्रभाकर जेवला, पण ती त्या दिवशी त्याच्याशी आणखी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “थंडी पडू दे. मग आण जव. गरमीत मोड नीट येत नाहीत, हे मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं.”

नोव्हेंबरात नवं राज्य झालं. शाळेत झेंडा लागला, पेढे वाटले. डिसेंबरात वर्मासाबच्या बहिणीनं धाडलेलं पार्सल आलं. त्यात बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप नावाच्या वेलीची वाळलेली फुलं होती. पोस्टातल्या बाबूनं ती हुंगून विचारलं, “दवा है क्या?” प्रभाकर म्हणाला, “नहीं. साहब के गाँव के फूल हैं.” आता त्याला झूठ बोलवत नव्हतं.

माळव्याची थंडी उतरली, अक्कानं पुन्हा जवांना मोड आणून दिले आणि दुसरी खेप लागली. आठ-दहा दिवस प्रभाकर शाळा सुटली की थेट बंगल्यावर जायचा. हातात प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन पिंपाशी बसायचा, दर तासाला आकडा वहीत लिहायचा. वर्मासाब पिंपाला कान लावायचा आणि आतली बुडबुड ऐकून म्हणायचा, “बोलती है.” त्या दिवसांत तो फारशा येरझारा घालत नव्हता. माग मात्र भराभर उभे राहत होते.

जानेवारीच्या मध्याला एका रविवारी दुपारी पिंप उघडलं. गढूळ सोनेरी रंग, वर बोटभर फेस. वर्मासाबनं काचेच्या पेल्यात ओतली, उन्हात धरली, एक घोट घेतला. डोळे मिटले.

“घर जैसी नहीं है,” वर्मासाब म्हणाला.

प्रभाकरचा चेहरा पडला.

“लेकिन ज़िंदा है.” आणि त्यानं पेला रिकामा केला, दुसरा भरला, आणि तो हातात तसाच धरून खुर्चीत बसला. तासभर बसला. उठला नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. शेवटी त्यानं पेला प्रभाकरपुढे केला. प्रभाकरनं एक घोट घेतला. त्याला ते काढ्यासारखं कडू लागलं. तो तसं म्हणाला, तेव्हा वर्मासाब पोट धरून हसला.

घरी परतताना देवास गेटपाशी वर्तमानपत्राच्या दुकानात प्रभाकरनं तारीख पाहिली आणि तो थबकला. पुण्याच्या शाळेत अर्ज पोचवायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. अर्ज त्यानं लिहूनही ठेवला होता. तो पोस्टात टाकायचं त्याला आठवलंच नव्हतं. आता दुःख व्हावं, की सुटल्यासारखं वाटावं? तो बराच वेळ तिथे उभा राहिला. यातलं काहीच नीट होईना.

मार्चमध्ये साठावा माग चालू झाला. जाण्याच्या आदल्या दिवशी वर्मासाब अक्काला भेटायला आला. बूट काढून हातात धरले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. अक्कानं त्याला आत बोलावून पाटावर बसवलं. दाल-बाफले वाढले. तो पाच खाऊन उठला, आणि अक्का पदरानं तोंड झाकून हसली.

जूनमध्ये प्रभाकरच्या बदलीचा हुकूम आला : बिलासपूर. अक्का म्हणाली, “मी इथेच राहीन. एकदा गेले होते लांब, पुरे झालं. सुट्टीत येत जा.” प्रभाकरनं वाद घातला नाही. गाडी सुटल्यावर तो जागेवर बसला नाही. सामान बाकाखाली सरकवलं आणि डब्याच्या दारात जाऊन उभा राहिला. उज्जैन मागे पडलं, तरी तो तिथेच उभा होता, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत.