गिरिजाताईची बिल्डिंग

शेवंतीने डबा हातात घेतलाच नाही. दारात उभी राहून तिने पिठाचे हात गाऊनला पुसले.

"भाऊ, तुमची बिल्डिंग आम्ही घेत नाही."

"मी बिल्डिंग कुठे देतोय? आठ चपात्या मागतोय."

"तेच ते. ती गिरिजाताईची बिल्डिंग."

हरिश्चंद्रांनी पुढे केलेला डबा खाली घेतला. आतून तव्याचा वास येत होता. मार्चमध्ये बायको, गिरिजा, गेल्यापासून हा वास त्यांच्या घरात नव्हता. त्यांनी स्वतः लाटून पाहिलं होतं, पण त्या चपात्या कुत्र्यानेही हुंगून सोडल्या होत्या.

"ती नाहीये आता," ते म्हणाले.

"म्हणूनच तर." शेवंती ओशाळली. "इंदूबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, ताईचं वर्ष होईपर्यंत तिच्या बिल्डिंगला कुणी हात लावायचा नाही. नियम ताईनेच घालून दिलाय ना. मी तुम्हाला दिल्या तर उद्या बाकीच्या मला धारेवर धरतील. थोडे दिवस हॉटेलच्या चालवा."

"नातीचं पोट बिघडतं हॉटेलच्याने."

"मग केबिन रोडला बघा. तिकडे आपलं कुणी नाही."

जिना उतरताना त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट ऊर जरासा भरून आला. सिल्व्हर पार्कमधल्या या चपात्या करून विकणाऱ्या बायका आधी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असायच्या. एकीने भाव उतरवला की दुसरी आणखी उतरवायची, आणि शेवटी कुणाच्याच हाती काही लागायचं नाही. गिरिजाने सगळ्यांना घरी बोलावलं, पलंगावर बसवलं, चहा दिला आणि ठरवून टाकलं: भाव सगळ्यांचा एकच, आणि जिची तिची बिल्डिंग वाटून दिलेली. दुसरीच्या बिल्डिंगमध्ये डबा न्यायचा नाही. ती गेली तरी तिचा शब्द चालतोय. माणसामागे एवढं तरी कुणाचं उरतं?

घरी अनुष्का टेबलावर कॉलेजचं प्रोजेक्ट पसरून बसली होती. हरिश्चंद्रांच्या मुलाची, नीरजची, नागपूरला बदली झाली तेव्हा तिची बारावी इथेच करायचं ठरलं. आजी आहे म्हणून ठरलं होतं.

"मिळाल्या, आबा?"

"नाही. तुझ्या आजीचा दरारा अजून आहे." त्यांनी शेवंतीचं बोलणं तिला सांगितलं. सांगताना ते थोडं हसलेसुद्धा.

अनुष्का हसली नाही. तिला भूक लागली होती. "बरं, मला एक सांगा. कार्टेलचं उदाहरण हवंय, आपल्याच एरियातलं. नेटवरचं नको म्हणाल्यात मॅडम."

"म्हणजे काय ते?"

"एकच माल विकणारे आतून एक होतात. बाहेरून दुकानं वेगळी दिसतात. पण भाव एकच ठेवतात, गिऱ्हाइकं वाटून घेतात. तुम्ही कुठेही जा, तेच."

हरिश्चंद्र डब्याच्या झाकणाची उघडझाप करत होते. ते थांबले.

"त्यात वाईट काय? चार गरीब माणसं पोट भरत असतील."

"गरीब असली म्हणून काय झालं? नवीन कुणी धंद्यात आलं की त्याला टिकू देत नाहीत. तो तिसरा मुद्दा आहे. त्याच्याशिवाय कार्टेल चालतच नाही."

"तसं आपल्याकडे कुणी करत नाही," ते म्हणाले.

नवीन म्हटल्यावर त्यांना समिधा आठवली. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी. तिनेही मध्ये चपात्या सुरू केल्या होत्या. हे आधी का सुचलं नाही असं म्हणत ते डबा घेऊन खाली गेले.

समिधा नुकतीच कामावरून आली होती. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. दोन बोटांना पट्टी गुंडाळलेली होती.

"काका, ते मी कधीच बंद केलं. काकूंनी सांगितलं नव्हतं?"

"काय?"

ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. यांना खरंच माहीत नाही की काय, हे तिला ठरवता येत नसावं.

"ह्यांचा पाय मोडला होता, पगार बंद होता. मी चपातीमागे रुपया कमी लावला. मग एक दिवस नाथा गिरणीवाल्याने माझं दळण परत केलं. म्हणाला, तुमचं दळलं तर बाकीच्या सगळ्या गिरणी बदलतील. काशिमिऱ्याला न्यायला लागले, पण सुटलेले पैसे सगळे रिक्षातच जायचे. दिलं सोडून."

"नाथा काहीही बोलतो."

"नाथाला सांगायला काकू स्वतः आल्या होत्या. मी मागे पिशवी घेऊन उभी होते. त्यांनी पाहिलं मला."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की हरिश्चंद्रांना भांडताही येईना. कशाला तरी धरायला हवं म्हणून ते घाईने म्हणाले,

"पण तेव्हाच तर ती रोज संध्याकाळी तुमच्याकडे चपात्या पाठवायची. मीच आणून द्यायचो."

"हो. तुम्हीच आणायचात."

गरम डबा, वर फडकं. तो घेऊन हा जिना उतरताना त्यांना दर वेळी वाटायचं, काय बाई आहे आपली. स्वतःचे खांदे दुखतायत आणि शेजारणीच्या घरचं बघते. हे त्यांनी लोकांना सांगितलंही होतं. तिच्या शोकसभेत तर उभं राहून सांगितलं होतं. समिधा तेव्हा मागच्या खुर्चीवर बसली होती.

"मुलीने खाल्ल्या," समिधा म्हणाली. "मी नाही खाल्ल्या."

मग तिने त्यांच्या हातून डबा घेतला.

"बसा. कणीक आहे भिजवलेली."

ते बसले. आतून लाटण्याचा आवाज यायला लागला. पट्टीमुळे तो मध्येच अडखळत होता. तिने डबा आणून दिला तेव्हा त्यांनी पाकीट काढलं.

"राहू दे, काका. काकूंनी कुठे घेतले होते?"

वर आल्यावर अनुष्काने ताटं घेतली. तिने पहिला घास मोडला आणि तिचा चेहराच बदलला.

"आबा, आजीसारख्या झाल्यात. कुणी दिल्या?"

"खालच्या समिधाने."

"मग रोज तिच्याकडूनच घेऊ ना. कुणी काही म्हणणारे का?"

हरिश्चंद्रांनी भाजी वाढून घेतली.

"तुझं उदाहरण मिळालं?" त्यांनी विचारलं.

"नाही ना. सुचवा काहीतरी."

"टँकरवाले लिही. पाण्याचे."

"तेही नवीन माणसाला टिकू देत नाहीत?"

"नसतील देत," ते म्हणाले. "लिही तसं."

अनुष्काने डाव्या हाताने वही ओढली आणि जेवता जेवताच लिहायला घेतलं. मध्येच डब्याकडे हात नेत तिने विचारलं, "आबा, तुम्ही घेत का नाही?"

"खा तू," हरिश्चंद्र म्हणाले, आणि उरलेली भाजी नुसतीच खाऊ लागले.