डावा आरसा

मोठ्या ट्रक कंपनीत लागलो हे बायकोने शेजारीपाजारी सांगून टाकलं, आणि मला पहिल्याच दिवशी कळलं की मोठ्या कंपनीत माणूस आणखी लहान होतो. सातशे गाड्या होत्या. यार्डाच्या एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोचायची नाही. मी अठरा वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली, दुकान बसलं तेव्हा अडतिसाव्या वर्षी मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. उंची आधीच बेताची. केबिनच्या पायरीवरची माझी धडपड बघून कुणीतरी ‘बुटक्या’ म्हणालं, आणि ओळखपत्र हातात यायच्या आधी ते नाव मला चिकटलं.

नियम असा होता की नव्या ड्रायव्हरने सहा आठवडे जुन्यासोबत फिरायचं. जुन्याने सही केली की स्वतःची गाडी. माझ्या वाट्याला मास्तर आले. सहा फुटी, पांढऱ्या मिशांचे, तोंडाने फटकळ. दोन वर्षांत त्यांनी सतरा जण तयार केले होते, एकामागून एक, मध्ये एक दिवस सुट्टी नाही. बाकीचे जुने ड्रायव्हर नव्या माणसाला गळ्यातलं लोढणं समजायचे, मास्तर मात्र मागून घ्यायचे. बायको वारल्यापासून त्यांनी भाड्याची खोलीही सोडली होती. केबिनमधल्या मागच्या बाकावर त्यांची उशी, किटली, दाढीचं सामान आणि बायकोचा फोटो. तेच घर.

त्यांच्या शिकवण्याची एकच तऱ्हा होती. गाडी ते चालवत असले तरी मी डाव्या सीटवर डोळ्यांत तेल घालून बसायचं. वळण आलं, लेन बदलायची झाली, गोदामाच्या फलाटाला गाडी मागे लावायची झाली, की ते विचारायचे, “डावीकडे काय आहे रे?” मी सांगायचं, मोकळं आहे, किंवा मोटार आहे, किंवा खांब. उत्तराला उशीर झाला की शिव्या. मला आधी राग यायचा, मग वाटलं, माणूस पक्का आहे, पदरी पडलं आणि पवित्र झालं.

एक गोष्ट तेवढी खटकायची, पण तीही यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या सवयीने. आम्ही दर काही तासांनी जागा बदलायचो. मी बसलो की आधी सीट खाली घ्यायची, मग आरसे लावायचे, कारण उंच माणसाच्या आरशात मला नुसतं आभाळ दिसायचं. उजवा आरसा रोज लावावा लागे. डावा कधीच नाही. डाव्यात ट्रेलरची शेवटची चाकं बरोबर माझ्या डोळ्यांना दिसायची, मी आदल्या वेळी लावून गेलो होतो तशीच. मी मनात म्हणालो, बरं आहे, तेवढाच एक त्रास कमी. काय हा माझा शहाणपणा.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मास्तरांनी मला पंपावरच्या चार माणसांसमोर झापलं. डिझेलच्या टाकीचं झाकण नीट बसवलं नव्हतं, चूक माझीच होती. पण मी फुगून बसलो. पंपातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, “डावीकडे काय आहे रे?” मी तोंड फिरवून गप्प. मनात म्हटलं, तुझा आरसा आहे ना, बघ की. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ मोकळं आहे असा घेतला आणि गाडी डावीकडे वळवली.

ट्रेलर आणि कठड्याच्या मध्ये सायकलवर एक बाई होती, मागे भाजीची टोपली बांधलेली. मी ओरडलो. ब्रेक लागला. सायकल आडवी झाली, टोमॅटो रस्ताभर सांडले, बाई कठडा धरून उभी राहिली. तिचा कोपर तेवढा खरचटला होता. ती खाली बसून टोमॅटो वेचायला लागली. मी उतरून तिच्याबरोबर वेचले.

परत केबिनमध्ये चढलो तेव्हा मास्तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी विचारलं, आरशात दिसली नाही का. ते म्हणाले नाही. मग मी आरशाचंच विचारलं, तो ते कधी हलवत का नाहीत.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “डाव्या डोळ्याने नुसतं धुकं दिसतं. उजव्याने तो आरसा बघायचा तर अख्खी मान फिरवावी लागते, तेवढ्यात समोरचं सुटतं. म्हणून पोरांना विचारतो.”

दरवर्षीच्या तपासणीचं काय, असं मी विचारलं. तिथली अक्षरांची पाटी वर्षानुवर्षं तीच होती, त्यांना पाठ होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. तेवढे काढू, असं ते म्हणाले, म्हणजे त्यांच्या शेजारी तेवढे दिवस कुणीतरी बसलेलं असेल, असा त्यांचा हिशोब. मलाही तो पटला, खोटं कशाला बोलू.

सहावा आठवडा संपताना तो हिशोब कोलमडला. यापुढे नवे ड्रायव्हर यार्डातच सरावाच्या यंत्रावर शिकणार, गाडीवर जोडी नाही, असं कंपनीने फळ्यावर लावलं. मी शेवटचा. सोमवारपासून मास्तर एकटे.

त्यांनी माझ्या कागदावर सही केली, सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ लिहिलं. मलाही एक कागद भरायचा होता. शेवटचा प्रश्न होता, शिकवणाऱ्याबद्दल काही सांगायचं आहे का. तिथे सगळे ‘नाही’ लिहितात. मी तो घरी नेला आणि डोळ्याचं सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुझी सही झाली ना, मग तुला काय करायचंय. थोड्या वेळाने पोरगी सायकल घेऊन क्लासला निघाली तेव्हा आम्ही दोघंही खिडकीशी जाऊन उभे राहिलो, आणि मग बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही.

शनिवारी मी मास्तरांना सांगायला गेलो. माझं वाक्य निम्म्यात होतं.

“लिही,” ते म्हणाले. “मला विचारून लिहू नकोस, तेवढं ओझं माझ्यावर टाकू नकोस.”

मी एक ओळ लिहिली. सोमवारी कंपनीने त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, दुसऱ्या पाटीसमोर उभं केलं. दुपारपर्यंत सगळ्या यार्डाला कळलं, आणि कुणी लिहिलं हेही. उपाहारगृहात मी बसलो त्या टेबलावरचे तिघं चहा अर्धवट सोडून उठले.

मंगळवारी सकाळी मला गाडी मिळाली. तीच. दुसरी रिकामी नाही, असं कारकून म्हणाला.

मी पोचलो तेव्हा मास्तर सामान उतरवून गाडीच्या डाव्या बाजूला उभे होते. एका पिशवीत सगळं मावलं होतं, किटली हातात. ते कुठे जाणार आहेत हे मला विचारवलं नाही. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, “क्लच जरा जड आहे, माहीत आहेच तुला.” मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्याच्या तयारीने आलो होतो.

वर चढलो. सीट खाली घ्यायला हात घातला, तर ती आधीच खाली होती. उजव्या आरशात आभाळ नव्हतं, ट्रेलरची शेवटची चाकं होती. एवढा सहा फुटी माणूस माझ्याएवढा होऊन त्या सीटवर बसला असणार.

मी इंजिन सुरू केलं आणि वाट बघत राहिलो. कशाची ते क्षणभराने लक्षात आलं. शेजारची सीट रिकामी होती. मी डाव्या आरशात बघितलं आणि सवयीने मोठ्यानेच उत्तर दिलं.

“माणूस उभा आहे, मास्तर.”

आरशात ते किटली घेऊन तसेच उभे होते, माझ्याकडे डावा डोळा करून. मागून हॉर्न वाजायला लागले. ते बाजूला होईपर्यंत मी हँडब्रेक काढला नाही.