हात जाईल तिथे

अनंताने आयुष्यभर भिवंडीत लूम दुरुस्त केले. संध्याकाळी अंजूरला घरी आला की गावाचे पंप, सायकली, शिलाई मशीन घराशेजारच्या गाडीच्या शेडमध्ये उघडून बसायचा. गेल्या वर्षी मधुमेहाने त्याची नजर गेली आणि शेडला कुलूप लागलं.

दिवाळीला माहेरी आलेल्या त्याच्या मुलीने, वैशालीने, ते उघडलं. तेला-लोखंडाचा ओळखीचा वास आला आणि काम करताना बाबा शीळ घालायचा ते तिला आठवलं. दिवसभर खपून तिने कानशी, पाने, हातोडे मापाप्रमाणे भिंतीवर टांगले आणि हौसेने बाबाला हात धरून आणलं.

अनंता भिंत चाचपत राहिला. "माझी पक्कड कुठं हाय?"

"वरच्या रांगेत, बाबा."

त्याला ती सापडेना. वैशालीचा चेहरा उतरला. इतकी सुरेख भिंत तिने लावली होती, पण ती बघणार कोण? तिने सगळं खाली काढलं आणि बाबाला स्टुलावर बसवलं.

"पहिल्यासारखा बस. आता पक्कड घे."

अनंताचा हात आपसूक उजवीकडे भिंतीवर गेला. तो थांबला तिथेच तिने खिळा ठोकला. मग हातोडा, मग पाने. प्रत्येक हत्यारासोबत एकेक आठवण निघाली. कुणाचा पंप पुरात बुडालेला, कुणाची मशीन ऐन लग्नसराईत अडलेली. आई जेवायला हाका मारून थकली.

शेवटी अनंता म्हणाला, "शेजारच्या हरेशची सायकल तशीच पडलीय ना? घेऊन ये म्हणावं. चेन तरी बसवून बघतो."